एकीचा अनुभव, अख्ख्या पोडाचा निर्णय

आमच्या यवतमाळकडे दवाखान्याची खरी बातमी कुठे कळते, ठाऊक आहे? दवाखान्याच्या फलकावर तर नाहीच नाही. ती कळते कापसाच्या वावरात. वेचणीला दहा-बारा बाया ओळीनं लागलेल्या असतात. कमरेला फडकं बांधलेलं, हात चालू आणि तोंडही चालू. ‘अमकीची सून काल राती दवाखान्यात नेली व्हती म्हणे.’ ‘मंग? काय झालं?’ या ‘काय झालं’चं उत्तर काय येतं, त्यावर त्या ओळीतली तीन महिन्यांची पोटुशी पोरगी पुढच्या आठवड्यात तपासणीला जाणार की नाही, ते ठरतं. आशाताईनं कितीही पोटतिडकीनं सांगितलेलं असो!

बचत गटांच्या कामानिमित्त मी या जिल्ह्यात गेली बरीच वर्षं फिरते आहे. झरी-जामणीपासून उमरखेडपर्यंत. बैठकीत हप्ते, व्याज, थकलेली नावं हे सगळं होतं. सह्या-अंगठे होतात, वह्या मिटतात, चहा येतो आणि मग बाया मोकळ्या होतात. चार बाया बसल्या आणि गोष्ट बाळंतपणावर आली नाही, असं कधी झालंय का? या गप्पा ऐकता ऐकता माझं एक मत पक्कं झालं. बाई दवाखान्यात जाते की नाही, हे योजनेच्या रकमेवर फारसं ठरत नाही. तिच्या जावेला, नणंदेला, शेजारणीला तिथं कसं वागवलं, यावर ठरतं.

आधी चांगलं ते सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २००५-०६ मध्ये महाराष्ट्रात शंभरातल्या ६४.६ बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा ९४.७ वर गेला. दर लाख जिवंत जन्मांमागे २००४-०६ च्या सुमारास १३० माता दगावत; २०१८-२० मध्ये हे प्रमाण ३३ वर आलं. कोण म्हणेल की सरकारी दवाखान्यांनी काही केलं नाही? त्या कमी झालेल्या प्रत्येक आकड्यामागं एक आई बाळाला घेऊन घरी परत आलेली आहे.

पण त्याच २०१९-२१ च्या पाहणीत आणखी एक आकडा आहे, आणि तो मला झोपू देत नाही. गरोदरपणात निदान चार वेळा तपासणी झालेल्या बाया सत्तर टक्क्यांच्या आसपासच आहेत. म्हणजे बाळंत व्हायला पंचाण्णव जणी पोहोचतात, पण त्याआधी वेळोवेळी तपासून घेणाऱ्या सत्तरच. मधल्या पंचवीस जणी कुठं असतात? आणि गरोदर बायांतल्या शंभरात पंचेचाळीसपेक्षा जास्त जणींच्या अंगात रक्त कमी. लक्षात घ्या, हे अख्ख्या राज्याचे आकडे आहेत. पुण्या-मुंबईच्या बायाही त्यात आल्या.

आता आमचा जिल्हा पाहा. सोळा तालुके. एका टोकाला वणी, दुसऱ्या टोकाला उमरखेड, दक्षिणेला पैनगंगा. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे, सिझर असो की रक्त चढवणं असो, सगळी सोय आहे. पण ते यवतमाळला! पांढरकवड्याहून सत्तरएक किलोमीटर. वणीकडची माणसं अडचण आली की चंद्रपूरचा रस्ता धरतात, उमरखेडची नांदेडचा. कारण सोपं आहे, जिथं लवकर पोहोचू ते खरं. त्यात कोलामांचे पोड मुख्य गावापासून बाजूला, बंजाऱ्यांचे तांडेही बाजूला. पावसाळ्यात आमची काळी माती पायाला अशी धरते की चप्पल हातात घेऊन चालावं लागतं. नऊ महिन्यांच्या बाईनं त्या चिखलातून डांबरी रस्त्यापर्यंत कसं यायचं, याचा विचार करून पाहा. सरकारी हिशेबानं आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र आणि वीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र असायला हवं. हिशेब लोकसंख्येचा आहे. नाला किती वेळा आडवा येतो, हे त्यात धरलेलं नाही.

तरी रस्ता हे एकच कारण असतं, तर मी हा लेख लिहिला नसता. रस्ते होत आहेत, गाड्या येत आहेत. गोष्ट त्याच्या पुढची आहे.

झरी-जामणी तालुक्यातल्या एका पोडावर एक आजी भेटली. वय विचारलं तर म्हणाली, “लिहून घे साठ.” जणू साठ लिहिलं की माझं समाधान होणार! किती बाळंतपणं झाली, म्हटलं. “सात झाले. चार हायेत.” इतक्या सरळपणे सांगितलं, की गेलेल्या तिघांबद्दल पुढं विचारायला मला थोडा वेळ लागला. एक जन्मतःच गेलेलं. एक वर्षभराचं होऊन हगवणीनं गेलेलं. आणि एक तिसऱ्या दिवशी. “दूध पिणं सोडलं. अंग थंडंगार पडलं. मंग गेलं.”

“दवाखान्यात कधीच नाही गेल्या का आजी?”

“एकडाव गेली व्हती. धाकट्याच्या वक्ताले.” आणि मग ती सांगू लागली. टेबलावर चढवलं. लुगडं सोडलं. दार उघडंच होतं. “कोणी बी येऊन रायलं, कोणी बी जाऊन रायलं. मी कोलामीत मायच्या नावानं वरडली, त एक बाई मले म्हणे...” पुढचं वाक्य मी इथं लिहीत नाही. तुमच्यापैकी बहुतेकींनी ते कधी ना कधी ऐकलेलंच असेल. कळा देणाऱ्या बाईला नवऱ्यावरून टोमणा मारणारं ते वाक्य. गावंच्या गावं पालटली, पण हे वाक्य काही पालटत नाही बघा.

बाळ नीट झालं. आजीही नीट घरी आली. दवाखान्याच्या वहीत ती ‘सुखरूप प्रसूती’ म्हणून नोंदली गेली असणार. पण पोडावर आल्यावर आजीनं सगळ्यांना काय सांगितलं? दार उघडं होतं, हे सांगितलं. त्यानंतर तिच्या थोरल्या सुनेची दोन्ही बाळंतपणं घरीच झाली. मधलीचंही घरीच. “माही इज्जत गेली ते गेली, सुनांची कायले घालवू?” म्हणते कशी!

ऐकणाऱ्याला वाटेल, की मग घरचं बाळंतपण काय वाईट? पोडावरची सुईण आपली भाषा बोलते, रात्रभर पाठ चोळते, पदर सरकला तर नीट करते. हे सगळं खरं आहे, पण मी त्याचे गोडवे गाणार नाही. रक्त वाहायला लागलं तर सुईणीच्या हातात काय असतं? दोन तासांत बाई जाऊ शकते. मूल आडवं असलं तर ती काय करणार? आजीच्या सातातल्या तिघांचा हिशेब कोणी द्यायचा? सुईणीकडं माया होती, दवाखान्याकडं औषध होतं, आणि बाईला यातलं एक निवडायला लावलं, हे आपलं चुकलं. औषधासोबत माया द्यायला काही पैसे पडत नाहीत.

याच आजीची धाकटी सून मात्र दवाखान्यात बाळंत झाली. हे कसं घडलं? पोडावरचीच एक मुलगी आशा झाली होती. ती आजीशी कोलामीत भांडली, म्हणजे अक्षरशः भांडली, आणि म्हणाली, दारात मी उभी राहतो, कोणाले येऊ देत नाही. आणि खरंच ती रात्रभर दाराशी उभी होती. सुनेचा हात धरायला आजीला आत घेतलं गेलं. आजी मला म्हणाली, “आता बेस हाय दवाखाना.” बेस! म्हणजे चांगला. यंत्रं तीच, बहुधा टेबलही तेच. फरक एका उभ्या राहिलेल्या मुलीचा.

मैत्रिणींनो, इथं एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती आपल्यापैकी फार थोड्या जणींना माहीत आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयानं सरकारी दवाखान्यांत कळा देणाऱ्या बाईसोबत एक नात्यातली बाई राहू द्यायला मान्यता दिली. शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी आणि तिला कसला संसर्गाचा आजार नसावा, अशा काही अटी. म्हणजे आई, सासू, जाऊ कुणीही. प्रसूतिगृहाच्या दारातून ‘बाहेर थांबा’ म्हणून परत पाठवलं, तर अदबीनं पण ठामपणे विचारा. जागा अरुंद असते, बाया जास्त असतात, सिस्टर एकटी असते, हेही समजून घ्या. पण विचारा.

आता पैशांचं. जननी सुरक्षा योजना २००५ च्या एप्रिलमध्ये आली. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला आपल्या राज्यात ग्रामीण भागात सातशे रुपये. चांगली गोष्ट. पण सुरुवातीला अट काय होती माहिती आहे? वय एकोणीस पूर्ण आणि पहिली दोन बाळंतपणंच. म्हणजे सतरा-अठराव्या वर्षी लग्न लावून दिलेली कोवळी पोरगी बाहेर, आणि चौथ्या खेपेची, अंगात रक्त नसलेली बाईही बाहेर. ज्यांचा जीव सगळ्यात जास्त धोक्यात, त्याच नेमक्या वगळलेल्या! २०१३ मध्ये या अटी काढल्या. आठ वर्षं लागली हे कळायला. लवकर लग्न होऊ नये, मुलं कमी व्हावीत हे बरोबरच. पण त्याची शिक्षा बाळंतिणीला कशाला?

पुढं २०११ मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला. हा तर प्रत्येकीनं पाठ करावा असा आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट, सिझर फुकट, औषधं, तपासण्या, रक्त फुकट. दवाखान्यात असेतो जेवण, साध्या बाळंतपणाला तीन दिवस, सिझरला सात. घरून दवाखान्यात नेणं, तिथून पुढं पाठवलं तर तिकडे नेणं आणि शेवटी घरी सोडणं, हेही फुकट. आजारी तान्ह्या बाळालाही हेच लागू. मग कुणी बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात दिली तर? बाया मुकाट्यानं पदराच्या गाठीचे पैसे सोडतात. मुलगा झाला की ‘खुशी’ मागणारे हात पुढं येतात, तेही निराळं. एका बाईनं मला हिशेब सांगितला होता, सातशे मिळाले आणि त्याच्यापेक्षा जास्त वाटेतच गेले. दवाखान्याचं नाव कशाला घ्या, तुम्ही आपापल्या तालुक्याचं मनात घ्याल.

आणि कागदं! आमच्या बचत गटात एक मुलगी आहे. आधार कार्डावर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं, बँकेच्या पासबुकात तर नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग भलतंच. २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे, पहिल्या बाळाला पाच हजार. पुढं दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर सहा हजार, अशी तिच्यात भर पडली. सुरुवातीला तिच्यासाठी नवऱ्याचंही आधार लागायचं. टाकून दिलेल्या बाईनं ते कुठून आणायचं? ही अट नंतर सैल केली. पण नावाचा घोळ आहेच. लग्न झालं की बाईचं नाव पालटतं, ही आपली रीत, आणि नाव पालटलं की पैसे अडकतात, ही संगणकाची रीत. दोन्हींच्या मध्ये ती मुलगी बाळ कडेवर घेऊन तहसिलात रांगेत उभी. माझं ऐकाल, तर लग्नानंतरच्या पहिल्या सणाला साडी घेण्याआधी पोरीचं आधार आणि पासबुक एका नावावर करून घ्या.

रीतींचा विषय निघालाच आहे, तर माहेरपणाचंही बोलू. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे ठरलेलं. मला स्वतःला ही रीत फार आवडते. पोरीला तेवढीच विश्रांती. पण दवाखान्याच्या बाजूनं पाहा. नाव नोंदलं सासरच्या गावात, पहिल्या दोन तपासण्या तिथं. सातव्या महिन्यात ओटी भरून ती माहेरी गेली. सासरची आशाताई वहीत लिहिते, ‘माहेरी गेली.’ माहेरची आशाताई म्हणते, ‘आमच्याकडे नोंद नाही.’ आणि हिरवं-निळं जे काही कार्ड असेल, ते सासरी पेटीत राहिलेलं! त्या कार्डावर लिहिलेलं असतं की रक्त किती आहे, रक्तदाब वाढला होता का, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का. आदिवासी भागात सिकलसेलचा प्रश्न आहे, त्याची नोंदही हवीच. शेवटच्या दोन महिन्यांत रक्तदाब सगळ्यात जास्त दगा देतो आणि नेमक्या त्याच दोन महिन्यांत पोरगी दोन्ही वह्यांच्या मध्ये कुठंतरी असते. त्या मधल्या पंचवीसातल्या काही जणी इथं सापडतात.

आणखी काही जणी ऊसतोडीला सापडतील. दिवाळी झाली की पुसद, महागाव, उमरखेडकडच्या तांड्यांवरून गाड्या भरून माणसं पश्चिम महाराष्ट्राकडे जातात. पोटुशी बाई कोयत्याला जुंपलेली. फडावर कोण आशाताई आणि कोणता लसीचा दिवस? परत आल्यावर बाळ चार महिन्यांचं असतं आणि दीड महिन्याची लस राहिलेली असते. राहिलेली लस नंतरही देता येते बरं का. ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी बसू नका.

लसीवरून आठवलं. ३१ जानेवारी २०२१. पोलिओचा डोस होता. घाटंजी तालुक्यात भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत कापसी-कोपरी गावात बारा लहान मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुवायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. तुम्हाला आठवत असेल, देशभरच्या पेपरांत आलं होतं. मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल केलं, मुलं बरी होऊन घरी आली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. बातमी तिथं संपली. पण वेचणीच्या ओळीत ती संपली नाही! त्यानंतर कित्येक महिने दुसऱ्याच तालुक्यांतल्या बाया मला म्हणत, “डोस पाजू, पण बाटली आधी आमाले दाखवा.” आरोग्य खात्याची माणसं यावर वैतागायची. मला मात्र यात काही गैर वाटलं नाही. बाटली पाहून डोस पाजणारी आई ही डोस न पाजणाऱ्या आईपेक्षा लाख पटीनं बरी, आणि बाटली दाखवायला वेळ तो कितीसा लागतो?

दुसरी गोष्ट सांगताना मात्र हात थांबतो. ऑगस्ट २०२२. उमरखेड तालुक्यातलं विडूळ. कळा सुरू झालेल्या बाईला घरच्यांनी ऑटोतून तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणलं. घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे रुग्णवाहिकेला वेळ लागणार होता आणि केंद्रात पोहोचले तर तिथं डॉक्टर नव्हते. व्हरांड्यातच ती बाळंत झाली. बाळ गेलं. विचार करा, त्या बाईनं काय चुकवलं होतं? घरी थांबली नव्हती, सुईण बोलावली नव्हती. आपण वर्षानुवर्षं भाषणांत जे सांगतो, ते तिनं केलं होतं. तिच्या गावात आता दुसऱ्या पोटुशीला ‘वेळेवर दवाखान्यात जा गं’ असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

तरी सांगावंच लागतं. आणि ते सांगायचं काम कुणाच्या गळ्यात? आशाताईच्या.

तिच्याबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. आशा ही नोकरदार नाही, कागदोपत्री ती ‘स्वयंसेविका’ आहे. कामाच्या हिशेबानं मोबदला. बाळ दवाखान्यात झालं तर तिनं घरी सहा भेटी द्यायच्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. या सगळ्यांचे मिळून अडीचशे रुपये. म्हणजे एका भेटीला चाळीसएक. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या सगळ्या आशांचा गौरव केला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत याच बाया मानधनासाठी मुंबईत आझाद मैदानावर बसल्या होत्या. गौरव पदरात बांधून किराणा येत नाही ना!

या घरभेटींमागची गोष्ट आपल्या विदर्भातलीच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायांना शिकवून तान्ह्या बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचा प्रयोग केला. ३९ गावं होती. तीन वर्षांत पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं, आणि १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढं २०११ पासून देशभरच्या आशांना हेच काम दिलं गेलं. यात मोठं यंत्र काय होतं? वजनकाटा, तापमापी, घड्याळ, उबेची पिशवी. आजीच्या तिसऱ्या दिवशी गेलेल्या बाळाला हेच हवं होतं. अंग गार पडलं, तर आईच्या उघड्या छातीशी लावून वरून पांघरूण घालायचं, ही गोष्ट त्या वेळी कुणी सांगितली असती तर...

म्हणून बाळाला पहिल्या दिवशी आंघोळ घालू नका. चीक फेकू नका, ते पहिलं पिवळसर दूध म्हणजे बाळाची पहिली लस समजा. मध, गुटी, साखरपाणी काही नको. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवून खोलीत धूर कोंडू नका. ऊब द्यायला आईचं अंग पुरतं. पाचवीची पूजा खुशाल करा, सटवाईला नशीब लिहू द्या, पण बाळ दूध ओढेनासं झालं, छाती आत ओढून श्वास घेऊ लागलं, अंग गार किंवा तापलेलं लागलं, तर सव्वा महिना संपायची वाट पाहू नका. बाहेर न्यायचं नसतं म्हणून थांबलेली बाळं मी ऐकलेली आहेत.

खाण्याचं राहिलंच. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत २०१५ पासून डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर बाईला आणि बाळंतिणीला एक वेळचं पूर्ण गरम जेवण मिळतं. भात, पोळी किंवा भाकर, डाळ, पालेभाजी, शिवाय अंडं किंवा त्याऐवजी दुसरं काही. तिनं तिथंच बसून जेवावं, अशी अपेक्षा. पण बाई डबा घेऊन येते. का? घरी दोन पोरं तोंडाकडे पाहत बसलेली असतात. अंगणवाडीताई रागावते, बाई मान खाली घालते आणि डबा घरी नेते. चार तोंडांत तो डबा वाटला गेला की तिच्या वाट्याला काय येतं, ते तुम्हीच सांगा. सासूबाईंनी एकदा म्हटलं, ‘तू तिथंच जेवून ये वो, पोरायचं मी पाहतो,’ तर या योजनेचं अर्धं काम होईल. बाई कितीही शिकलेली असो, सासूनं म्हटल्याशिवाय ती आधी जेवत नाही.

तशाच लोहाच्या गोळ्या. कोणत्याही घरात जा, देवळीत न फोडलेली पाकिटं सापडतील. “गोळ्या खाल्ल्या की पोर मोठं होते आन् सिझर होते,” हे मी पुसदला ऐकलं, राळेगावला ऐकलं. गोळीनं मळमळतं, संडास काळी होते, हेही खरं आहे, पण ते कुणी आधी सांगितलेलंच नसतं; मग काळं पाहून बाई घाबरते आणि बंद करते. गोळी रात्री जेवून घ्या, वर चहा नको, लिंबू चालेल. गोळीनं रक्त वाढतं. रक्त असेल तर बाळंतपणात गेलेलं रक्त बाई सोसू शकते. अंगात सातच असेल, तर थोडं गेलं तरी जीव जातो. सिझरची भीती वाटते ना, मग रक्त वाढवण्यासारखा उपाय नाही.

दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची डॉक्टरांकडून तपासणी असते, २०१६ पासून. त्या दिवशी सुनेला निंदणाला पाठवू नका. एक रोज बुडेल. कार्ड पिशवीत घाला, माहेरी जाताना आणि फडावर जातानाही. १०८ आणि १०२ हे आकडे भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा. गाडी मिळेलच याची खात्री मी देत नाही, म्हणून गावातल्या एखाद्या गाडीवाल्याला आठव्या महिन्यातच सांगून ठेवा. दूरच्या पोडावरच्या बायांनी आशाताईला ‘माहेरघर’ विचारावं; राज्यातल्या आदिवासी भागात काही प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ बाळंतपणाच्या आधीच चार दिवस येऊन राहायची ती सोय आहे.

मागच्या पावसाळ्यात आर्णी तालुक्यातल्या एका गावात बैठकीला होते. बैठक अर्ध्यावर असताना एका बाईच्या सुनेला कळा सुरू झाल्याचा निरोप आला. सगळ्या उठल्या. कुणी पिशवी भरायला गेली, कुणी गाडीला फोन लावला. सासूनं मात्र आधी आशाताईचा फोन मागितला. मला वाटलं रुग्णवाहिकेचं विचारत असेल. ती विचारत होती, “आज ड्युटीवर कोणती सिस्टर हाय?” पलीकडून नाव आलं. सासूचा चेहरा सैल झाला. “तीच का? मंग चाला,” म्हणाली, आणि पिशवीत सुनेच्या लुगड्यासोबत तिनं सिस्टरसाठी मूठभर शेंगा टाकल्या.